तेलाची घागर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे चादर झटकणं. दोन टोकं बायकोच्या हातात, दोन माझ्या. सुरतेत, लिंबायतच्या आमच्या खोलीत अंथरूण काढताना रोज सकाळी हेच करायचो, त्यामुळे बोलावं लागत नव्हतं. त्या दिवशी मात्र झटकलेल्या चादरीची घडी घातली नाही. गल्लीत उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर पसरली. शेठचा हुकूम होता. "घरवाळीने लई जा, पण सीट पर चादर पाथरजे." अठरा वर्षं मी त्याच्या गाड्या चालवल्या. अठरा वर्षांत माझी बायको एकीतही कधी बसली नव्हती. बसायची वेळ आली तर खाली चादर टाक म्हणे.

ती हसली. म्हणाली, "बरंय की. आपलीच चादर. घरात बसल्यासारखं वाटेल."

मला हसू आलं नाही. मला तेव्हाही लवकर राग यायचा, आताही येतो. हे जे लिहितोय ते रागानेच लिहितोय, आधीच सांगून ठेवतो. झालं गेलं विसरून जा, असलं ज्याला वाचायचं असेल त्याने दुसरं काहीतरी वाचावं.

प्लेगच्या साथीनंतरचं दुसरं वर्ष ते. गाडी शेठच्या भावाची, आफ्रिकेतून जहाजाने आणलेली. पांढरी, लांबलचक, आत थंड हवा, आणि क्लच नाही. पायाखाली दोनच पेडल. दांडा एकदा पुढच्या खुणेवर टाकला की गिअर आपले आपण पडतात. आम्ही ड्रायव्हर लोक तिला लंगडी म्हणायचो, कारण डाव्या पायाला काही कामच नाही. धुळ्याला शेठच्या मुलीच्या सासरी आखाजीच्या मुहूर्तावर लग्न होतं आणि वरातीला ही गाडी पाहिजे होती. मी ती आदल्या दिवशी पोचवायची होती. त्याच रस्त्याला, साक्रीच्या अलीकडे, माझ्या बायकोचं माहेर.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात त्या दिवशी सासरी दिलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. आणि घरातली जी माणसं गेली त्यांच्या नावाने पाण्याची घागर भरून मांडतात, आगारी टाकतात, म्हणजे निखाऱ्यावर त्यांचा घास ठेवतात. तो घास जळाला की गेलेल्यांना जेवण पोचलं. सुरतेतले आमचे लूमवाले दिवाळीला एकवेळ गावी जाणार नाहीत, आखाजीला जाणारच. अर्धं लिंबायत, अर्धं गोडादरा रिकामं होतं. पण माझी बायको चौदा वर्षं गेली नव्हती. आखाजीला शेठ लोकांची लग्नं असतात, ड्रायव्हरला कसली सुट्टी? आणि मला एकट्याला टाकून ती जायची नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. ती होती आणि मी होतो.

त्या वर्षी तिची आई फार थकली होती. आणि हिच्या स्वतःच्या काळजाची झडप खराब झाली होती. डॉक्टरने बजावलं होतं, ऊन नको, दगदग नको. एस.टी.च्या गर्दीत तिला नेणं शक्यच नव्हतं. म्हणून मी शेठपुढे तोंड उघडलं. थंड गाडी, गादीची सीट, पाच तासांचा रस्ता. तिला फार काही नको होतं. एकदा आखाजीला आईच्या दारात उभं राहायचं आणि आईच्या हातची सांजोरी खायची, एवढंच.

निघायच्या आधी गिअरबॉक्सचं तेल बदलायचं होतं. शेठच्या भावाने ते तेल तिकडूनच पाठवलं होतं. निळ्या पत्र्याचा डबा, आत लाल, पातळ तेल. मी गाडी मोठ्या गॅरेजात नेणार होतो. ती म्हणाली, "भाऊकडे न्या ना. आपला माणूस आहे."

भाऊ म्हणजे तिच्या माहेरच्या गल्लीतला. सख्खा नाही, पण दर वर्षी ही त्याला राखी बांधायची आणि तो मला दाजी म्हणायचा. आधी गोडादऱ्यात लूमचे गिअर दुरुस्त करायचा, मग भेस्तानला रस्त्याच्या कडेला त्याने गॅरेज टाकलं. रिक्षा, टेम्पो, मेटॅडोर, काहीही उघडून परत बसवायचा. बिनक्लचची गाडी त्याने जन्मात उघडली नव्हती. पण तसं कबूल करेल तर तो मिस्तरी कसला!

मी डबा त्याच्या हातात दिला. म्हटलं, "हेच टाकायचं. दुसरं टाकू नको."

"दाजी, आता तुम्ही मला शिकवणार?"

संध्याकाळी गाडी आणायला गेलो. विचारलं, "टाकलं का तेच?"

"तेच. ताई बसणार आहे त्या गाडीत. दुसरं टाकीन का?"

दांडा पुढे टाकला तर गाडी जरा दम खाऊन, धक्का देऊन निघाली. मी म्हटलं, "आधी अशी करत नव्हती."

"नवीन तेल आहे, दाजी. बसायला वेळ लागतो."

हे वाक्य मी विसरलो नाही. मरेपर्यंत विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आखाजीला गावी निघून गेला. त्याच्या मागून एका दिवसाने आम्ही.

गाडीत बसल्यावर मी आरशातून बघितलं तर पदर गच्च गुंडाळून, पाय वर घेऊन बसलेली. म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "थंडी वाजतेय. एवढ्या उन्हात थंडी! आईला सांगितलं तर खरं वाटायचं नाही." व्याऱ्याला मी चहा घेतला. तिला म्हटलं, काही खा. ती म्हणाली, "आता आईच्या घरीच. भूक राखून ठेवलीये."

सोनगढच्या आसपास उतार लागले की मी दांडा न्यूट्रलला टाकून इंजिन बंद करायचो. ड्रायव्हरची जुनी खोड. शेठ लोक पेट्रोलवरून बोलतात, म्हणून हाताला लागलेली. असल्या गाडीला ते चालत नाही, इंजिन बंद झालं की गिअरबॉक्सला तेल पोचत नाही, हे मला नंतर कळलं. मी लपवत नाही. तो वाटा माझा.

नवापूर ओलांडलं आणि जळका वास आला. विसरवाडीला आलो तेव्हा इंजिन ओरडत होतं आणि गाडी चालत नव्हती. ॲक्सिलेटर दाबावा तर नुसता आवाज. समोर कोंडाईबारीचा घाट. घाटाच्या पायथ्याला एका कडुनिंबाखाली गाडी कशीबशी लावली, बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. लाल काहीच नव्हतं. काकवीसारखं जाड, काळपट, आणि वास जळक्या केसांचा. बोटांवर घेऊन चोळलं. ते तेल मी ओळखतो. टेम्पोच्या गिअरबॉक्समध्ये टाकतात ते.

"काय झालं?" तिने काच खाली करून विचारलं.

"तुझ्या भावाने दुसरं तेल टाकलं."

"भाऊ असं करणार नाही."

"ये, वास घे."

ती उतरली नाही. म्हणाली, "आधी गाडीचं बघा. भांडण गावात गेल्यावर करा."

आखाजीच्या आदल्या दिवशी सुरतेहून येणारी प्रत्येक एस.टी. माणसं दाराला लोंबकळत चालली होती. मी हात केला तर एकही थांबली नाही. ट्रकच्या केबिनची उंच पायरी तिला चढवली नसती. आणि खरं सांगतो, शेठची गाडी रस्त्यावर टाकून जायची माझी हिंमत पण नव्हती. अठरा वर्षांत एवढं कुत्रं झालं होतं माझं.

मग एक गोष्ट झाली. गाडी आणखी सावलीत घ्यावी म्हणून मी दांडा रिव्हर्सला टाकला, तर गाडीने अशी झेप घेतली की मागच्या झाडावर आदळता आदळता राहिली. पुढचे सगळे गिअर मेलेले आणि रिव्हर्स ठणठणीत! का, ते मला आजही सांगता येणार नाही. मी तिला म्हटलं, "उलटं जाऊ."

"उलटं? घाट?"

"आरामात. थांबत थांबत."

दोन ट्रकवाल्यांनी धक्का मारून गाडी वळवून दिली. तोंड सुरतेकडे, पाठ माहेराकडे. थंड हवा बंद केली, कारण इंजिनची सगळी ताकद चढाला हवी होती. चारी काचा खाली घेतल्या. बाहेरून भट्टीसारखी झळ आत यायला लागली. आणि मी उलटा घाट चढायला लागलो.

ट्रकवाल्यांना फुकटचा तमाशा मिळाला. वरून येणारा एक जण ओरडला, "ओ साहब, सूरत उधर है!" दुसरा म्हणाला, "मामा, घरवाली से डर के उल्टा भाग रहे हो क्या?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी शिव्या दिल्या. ती म्हणाली, "देऊ नका. बिचारे हसवतायत."

ड्रायव्हरची पाठ बसणाऱ्याकडे असते. आमचा संसार पण तसाच झाला म्हणा. मी सकाळी निघायचो ते शेठ सोडेल तेव्हा यायचो, तोवर ती अर्धी झोपलेली. पण रिव्हर्स घेताना मान मागे वळवावी लागते. मागच्या काचेतून रस्ता बघायचा, आणि काचेच्या अलीकडे ती. पूर्ण घाटभर माझं तोंड तिच्याकडे होतं. तिच्या कपाळावरचं गोंदण फिकं झालंय, एका कानाचं भोक ओघळलंय, हे मी तेव्हा बघितलं. लग्नाला किती वर्षं झाली होती!

ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "रस्ताकडे दखा. मन्हाकडे काय दखतस?"

"रस्ता तुझ्या मागेच आहे," मी म्हटलं.

ती पदराने वारा घेत पुढच्या काचेतून खाली बघत होती. जिथून आलो तो रस्ता तिच्यासमोर लांब लांब होत होता. म्हणाली, "गंमत आहे. मी सुरतेकडे तोंड करून बसलेय आणि माहेर पाठीमागून येतंय."

दर दोन वळणांना मी थांबायचो, चाकाला दगड लावायचो, गिअरबॉक्स थंड होऊ द्यायचो. कॅनमधलं पाणी गाडीला नको, तिला द्यायचो. अर्ध्या घाटात तिचे ओठ निळसर दिसायला लागले. विचारलं तर म्हणे, "काही नाही, ऊन आहे." शेवटच्या दोन वळणांत ती बोलली नाही. तिची मान सीटवर मागे टेकली होती, डोळे अर्धे उघडे. मी तिच्याकडे बघू की रस्त्याकडे? रस्त्याकडे बघितलं तरी ती मध्येच होती.

माथ्यावर एक चहाची टपरी होती. तिथे आलो आणि रिव्हर्स पण गेला. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलली नाही.

तिने विचारलं, "आलं का?"

गाव अजून पंधरा-वीस किलोमीटर होतं. मी म्हटलं, "आलं."

ती "हं" म्हणाली. मी उतरलो, मागचं दार उघडलं, पाण्याने पदर भिजवून तिच्या तोंडावरून फिरवला. मग फिरवत राहायची गरज उरली नाही.

एका ट्रकवाल्याने केबिन रिकामी करून दिली. जी पायरी तिला चढवणार नाही म्हणत होतो, त्याच पायरीवरून तिला चौघांनी चादरीसकट वर घेतलं. तीच चादर. गाडी मागे दोराने बांधली. दुपार कलताना आम्ही गावात शिरलो. वेशीजवळच्या झाडांना झोके बांधून झाले होते, पोरी गाणी म्हणत होत्या, ट्रक बघून गप्प झाल्या. तिची आई दारात उभी होती. चौदा वर्षांनी लेक आखाजीला येणार म्हणून सकाळपासून उभी होती.

दिवस मावळायच्या आत आटोपायचं ठरलं. नेसवायला पातळ माहेरचं, ते घरातच होतं, आखाजीला तिला द्यायला आणलेलं. आणि तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा गर्दीतून भाऊ पुढे आला. रडून डोळे लाल. त्याने माझ्या शेजारी, पुढच्या बाजूला खांदा दिला. मी त्याच्या हाताकडे बघितलं. नखांत काळं तेल होतं.

आधी तिला पोचवायचं होतं. परत येताना तोच म्हणाला, "दाजी, गाडीला काय झालं एकाएकी?"

मी तडक घरी येऊन तिच्या आईजवळ बसलो आणि तिला सगळं सांगितलं. डबा, तेल, घाट, सगळं. न्यूट्रलचं पण. न्यूट्रलचा दोष तेव्हा माहीत नव्हता, पण आठवेल ते सगळं सांगत गेलो. म्हातारी ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात आखाजी होती, आमच्या घरात नव्हती. घराला सुतक. सासऱ्याच्या नावाने भरायला आणलेली नवी घागर कोपऱ्यात कोरडी पडली होती. मी ती उचलली, पाना घेतला आणि वरातीला न पोचता दारात उभ्या असलेल्या गाडीखाली पाठीवर सरकत गेलो. खालचा बोल्ट सैल केला. आधी थेंब, मग जाड धार. काळं, जळकं तेल घागरीत पडत होतं. माझ्या हातांवर, सदऱ्यावर पडलं, पडू दिलं.

बाहेर आलो तर म्हातारी दारात उभी. "कोनासाठे?" तिने विचारलं.

मी भाऊच्या घराकडे बोट केलं.

ती घागरीत वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "लई जा."

भाऊच्या ओसरीवर सडा-रांगोळी झाली होती. गव्हाच्या राशीवर दोन घागरी मांडलेल्या, एक त्याच्या बापाची, एक आजाची. वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. त्याच्या बायकोने निखारे काढून ठेवले होते. सगळं घर आंघोळ करून, आगारी टाकायला जमलेलं. आणि खुंटीला एक निळा डबा टांगलेला. वरचा पत्रा कापून, तारेची कडी लावून.

मी सरळ वर चढलो आणि त्याच्या बापाच्या घागरीशेजारी माझी घागर ठेवली.

"ही कोणाची, दाजी?" तो चाचरत म्हणाला.

"तुझी."

जिवंत माणसाच्या नावाने आमच्याकडे घागर मांडत नाहीत. त्याची बायको किंचाळली. तो वाकला, वास घेतला आणि तिथेच खाली बसला.

"लाल तेल कुठंय?" मी विचारलं.

मी खुंटीकडे बोट केलं. परत विचारलं.

"ट्रॅक्टरच्या जॅकमध्ये टाकलं," तो म्हणाला. "दाजी, पाण्यासारखं पातळ होतं हो ते. मला वाटलं एवढ्या लांबच्या रस्त्याला ते काय टिकणार? म्हणून जाड टाकलं. ताईसाठी चांगलंच केलं मी."

"मग मला तेच टाकलं म्हणून का सांगितलं?"

तो कोपऱ्यात सापडलेल्या माणसासारखा म्हणाला, "तुम्ही पण उतारावर न्यूट्रल मारून इंजिन बंद केलं असेल. सगळे ड्रायव्हर करतात. त्याने पण जळतं."

खरं होतं, आणि मला ते त्याच्या तोंडून पहिल्यांदा कळलं. पण मी मागे हटलो नाही.

"केलं," मी म्हटलं. "माझी घागर मी भरीन. ही तुझी."

आणि मी तिथेच, त्या घागरींच्या पुढे, निखाऱ्यांजवळ मांडी घालून बसलो. आदल्या संध्याकाळी बायकोला अग्नी दिलेला माणूस. ताजं सुतक. मी बसलो तिथे पूजा होत नाही, आगारी पडत नाही, हे त्या घरातल्या लहान पोराला पण माहीत होतं. मला हाताला धरून उठवावं तर धरणारा विटाळेल. कोणी जवळ येईना.

निखारे राखेत जायला लागले. त्याने हात जोडले. "दाजी, मला मारा. गाडीचा पाना घ्या आणि मारा. पण उठा. माझा बाप उपाशी राहील."

"राहू दे," मी म्हटलं. "ती पण उपाशी गेली. आईच्या सांजोरीसाठी सुरतेपासून पोट रिकामं ठेवून आली होती."

तो रडायला लागला. मी बघत बसलो. उन्हं ओसरीच्या पायरीपर्यंत आली, सांजोऱ्यांना मुंग्या लागल्या, गावात इतर घरांतून आगारीचा धूर वर जाऊन विरला. शेवटचा निखारा विझला तेव्हा मी हात लावून बघितला. थंड होता. मग उठलो.